कॉलेज बंद करण्याचा हक्क आणि आमचं म्हणणं

मराठवाड्यातल्या ज्या तालुक्याच्या गावी मी इतिहास शिकवायला रुजू झाले, तिथलं कला व वाणिज्य महाविद्यालय आता बंद झालं आहे. संस्थेने अर्ज केला, विद्यापीठाची समिती आली, शासनाची मान्यता मिळाली आणि एकेक वर्ष करत वर्ग मिटले. महाविद्यालय विकास समितीवर मी शिक्षकांतून निवडून गेले होते. त्यामुळे बरेचसे कागद माझ्यापर्यंत आले, आणि जे आले नाहीत ते मला हक्काने मागता आले. ग्रामीण भागातल्या अनेक अनुदानित कॉलेजांत आज वर्ग रिकामे आहेत आणि प्राध्यापकांच्या जागाही रिकाम्या आहेत. तिथल्या शिक्षकांना आणि पालकांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहिते आहे.

अर्जाची बातमी आम्हाला कॉलेजात कळली नाही. विद्यापीठात कामासाठी गेलेल्या एका सहकाऱ्याला संलग्नता विभागात कुणीतरी विचारलं, "सर, तुमचं बंद होतंय ना?" त्याने तिथूनच मला फोन केला. दुसऱ्या दिवशी मी प्राचार्यांना विचारलं. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मॅडम, ठराव संस्थेचा आहे. मला फक्त सही करायला लावली." ते खरं बोलत होते. निवृत्तीला थोडेच महिने उरलेल्या त्या माणसाचा मला राग आला नाही. राग आला तो विकास समितीच्या एकाही बैठकीत हा विषय निघाला नाही याचा.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ च्या कलम ९७ मध्ये या समितीची रचना आहे. संस्थेचे अध्यक्ष आणि सचिव, प्राचार्य, शिक्षकांतून निवडलेले तिघे, शिक्षकेतरांचा प्रतिनिधी, विद्यार्थी परिषदेचे पदाधिकारी, गावातली जाणती माणसं असे सगळे तिच्यात असतात. वर्षातून किमान चार बैठका घ्यायच्या असतात. कॉलेजचा सर्वंकष विकास आराखडा करणं, नवे अभ्यासक्रम सुचवणं, अंदाजपत्रक पाहणं ही तिची कामं. नव्या अभ्यासक्रमासाठी जिच्याकडे यायचं, त्याच समितीला कॉलेजच संपवताना विचारायचं नाही, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही.

आम्ही आधी कायदा वाचायला घेतला. त्याच अधिनियमाचं कलम १२१ या विषयावर आहे. शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय कोणत्याही व्यवस्थापनाला संलग्न महाविद्यालय बंद करता येत नाही. अर्ज विद्यापीठाकडे करायचा, तोही आधीच्या वर्षी १ ऑगस्टपर्यंत. त्यात बंद करण्याची कारणं पूर्णपणे मांडायची. शिवाय इमारती आणि साहित्य काय आहे, त्याची मूळ किंमत किती, आजची बाजारातली किंमत किती, आणि विद्यापीठ अनुदान आयोग, राज्य शासन किंवा इतर सार्वजनिक निधीतून आजवर किती अनुदान मिळालं, हे सगळं लिहून द्यायचं. त्यानंतर विद्यापीठाने चौकशी करायची. मदत देऊन, विद्यापीठाने स्वतः ताब्यात घेऊन किंवा दुसऱ्या संस्थेकडे सोपवून कॉलेज वाचवता येईल का, हे तपासायचं. तरीही बंद करावंच लागलं, तर व्यवस्थापनाकडून किती भरपाई घ्यायची आणि सार्वजनिक पैशातून उभी राहिलेली मालमत्ता कुणाकडे जायची याचा अहवाल शासनाला द्यायचा. आणि बंद करायचं ते टप्प्याटप्प्याने. आधी पहिलं वर्ष, नवे प्रवेश थांबवून. आधी आलेल्या मुलांचं शिक्षण पुरं झालं पाहिजे.

हे कलम वाचून मला धीर आला. कॉलेज कधीच बंद होऊ नये असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. पण सार्वजनिक पैशाचा आणि शिकणाऱ्या मुलांचा हिशेब दिल्याशिवाय सुटका नाही, एवढं त्यात साफ आहे.

संस्थेचा अर्ज आम्ही माहिती अधिकारात मागवला. विद्यापीठाच्या जनमाहिती अधिकाऱ्याने मुदतीत प्रती दिल्या. कारणांमध्ये पहिलं होतं घटती पटसंख्या. ते खरंच होतं. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला मी आले तेव्हा वर्गात बसायला जागा नसायची, आणि शेवटच्या काही वर्षांत पुढचे दोन बाक भरले की आम्ही शिकवायला सुरुवात करत होतो. निवृत्त झालेल्यांच्या जागा भरल्या गेल्या नव्हत्या. निम्मे विषय तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे घेतलेल्या तासांपुरतं मानधन मिळणाऱ्या, तरुण मुलामुलींवर चालले होते. ज्या कॉलेजात भूगोलाला पूर्णवेळ शिक्षक नाही तिथे भूगोल घ्यायला मुलं येणार कशी, हा प्रश्न अर्जात नव्हता. पण संस्थेची अडचण खोटी होती असं मी म्हणणार नाही.

अर्जाचा दुसरा भाग वाचताना मात्र मी थांबले. कोणतं शिक्षण द्यायचं आणि कोणतं थांबवायचं हे ठरवणं हा संस्थेच्या शैक्षणिक स्वातंत्र्याचा भाग आहे, असं तिथे लिहिलं होतं. संस्था यापुढे आपली साधनं व्यावसायिक शिक्षणाकडे वळवू इच्छिते, असंही होतं. त्याच आवारात संस्थेचं विनाअनुदानित फार्मसी कॉलेज होतं, आणि त्याला जागा कमी पडत होती.

दिवाळीनंतर विद्यापीठाची चौकशी समिती आली. सकाळी इमारत आणि दप्तर पाहणं, दुपारी सुनावणी. संस्थेतर्फे एक वकील होते, अभ्यासू गृहस्थ. त्यांनी दोन आधार घेतले. एक सर्वोच्च न्यायालयाचा २००२ चा टी. एम. ए. पै फाउंडेशनचा निकाल. अकरा न्यायमूर्तींच्या त्या पीठाने शिक्षणसंस्था काढणं आणि चालवणं हा घटनेच्या कलम १९(१)(छ) खालचा, म्हणजे व्यवसाय-धंदा करण्याच्या स्वातंत्र्यातला, हक्क मानला आहे. दुसरा आधार अमेरिकेतला. १९५७ च्या स्वीझी खटल्यात न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी विद्यापीठाची चार स्वातंत्र्यं सांगितली होती: कोण शिकवणार, काय शिकवायचं, कसं शिकवायचं आणि कुणाला प्रवेश द्यायचा. वकिलांचं म्हणणं असं की कुणाला घ्यायचं हे ठरवण्याचा हक्क असेल, तर कुणालाच न घेण्याचाही आहे.

समितीने आम्हाला लेखी म्हणणं द्यायला आठवडाभराची मुदत दिली. मी इतिहासाची शिक्षक. दुसऱ्याने पुरावा दिला की तो मुळातून पाहायचा, ही माझी सवय. दोन्ही निकाल मिळवून वाचले.

पै निकालात न्यायालयाने या हक्काचे घटक मोजून सांगितले आहेत: विद्यार्थ्यांना प्रवेश देणं, वाजवी शुल्क ठरवणं, नियामक मंडळ नेमणं, कर्मचारी नेमणं आणि कामात कसूर करणाऱ्यांवर कारवाई करणं. बंद करणं त्या यादीत नाही. म्हणून तो हक्कच नाही असं होत नाही. आमच्या ओळखीच्या, उच्च न्यायालयाच्या खंडपीठात वकिली करणाऱ्या ताईंनी आम्हाला १९७८ चा एक्सेल वेअर निकाल दाखवला. मुंबईतल्या एका कपड्यांच्या कारखान्याचा तो खटला. धंदा करण्याच्या हक्कात तो बंद करण्याचा हक्कही येतो, पण तो अमर्याद नाही, लोकहितासाठी त्यावर वाजवी बंधनं घालता येतात, असं न्यायालयाने म्हटलं. त्या वेळच्या औद्योगिक विवाद कायद्यातलं बंधन वाजवी नव्हतं, म्हणून ते रद्द झालं. ताई म्हणाल्या, "बंद करायचा हक्क नाकारू नका. तुमची बाजू त्याने कच्ची होईल. तो हक्क कुठल्या घरातला आहे ते दाखवा." आमच्या निवेदनाचा कणा तिथेच तयार झाला.

स्वीझी खटला वाचल्यावर तर मी रात्रभर अस्वस्थ होते. पॉल स्वीझी हे मार्क्सवादी अर्थतज्ज्ञ. न्यू हॅम्पशायर विद्यापीठात त्यांनी १९५४ मध्ये व्याख्यान दिलं आणि राज्याच्या महाधिवक्त्याने त्यांना बोलावून त्यात काय बोललात ते विचारलं. त्यांनी सांगायला नकार दिला. त्याबद्दल त्यांना न्यायालयाच्या अवमानासाठी दोषी ठरवलं गेलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. म्हणजे ते चार शब्द जन्मले ते वर्गात उभं राहून बोलणाऱ्या माणसाला सत्तेपासून वाचवण्यासाठी.

आणि ते शब्द फ्रँकफर्टर यांचे स्वतःचेही नव्हते. त्यांनी ते दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउन आणि विटवॉटर्सरँड या दोन विद्यापीठांच्या निवेदनातून घेतले होते. वंशभेदी सरकार त्या विद्यापीठांची दारं काळ्या विद्यार्थ्यांना बंद करायला निघालं होतं. त्याविरुद्ध प्राध्यापक म्हणाले की कुणाला प्रवेश द्यायचा हे आम्ही ठरवू. सरकारने १९५९ मध्ये तो कायदा केलाच. पण मागणी होती दार उघडं ठेवण्याची. तीच ओळ आमच्या गावात दार लावण्यासाठी वाचली गेली होती, आणि दाराबाहेर राहणार होत्या त्या तांड्यांवरून, वस्त्यांवरून एसटीने येणाऱ्या मुली.

हे मी निवेदनात जसंच्या तसं लिहिलं. त्यापुढे आमचं म्हणणं असं मांडलं. संस्थेला कॉलेज चालवणं झेपत नसेल तर ते बंद करण्याची परवानगी मागण्याचा तिला हक्क आहे. तो मालमत्तेचा आणि व्यवस्थापनाचा हक्क आहे. त्याची वाट कलम १२१ मधून जाते आणि तिथे हिशेब द्यावा लागतो. शैक्षणिक स्वातंत्र्य ही वेगळी गोष्ट. ते शिकवणाऱ्यांचं आणि शिकणाऱ्यांचं असतं, आणि संस्थेला मिळतं ते त्यांच्या वतीने. अभ्यास, विषय, मुलांची गरज यांचा विचार करून हा निर्णय झाला असता, तर त्याची एखादी चर्चा विकास समितीच्या इतिवृत्तात सापडली असती. इतिवृत्ताच्या प्रती आम्ही जोडल्या. त्यात पाण्याची टाकी होती, स्नेहसंमेलन होतं, कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची तयारी होती. बंद करण्याबद्दल एक ओळ नव्हती.

चौकशी समितीच्या अध्यक्ष बाई दुसऱ्या जिल्ह्यातल्या निवृत्त प्राचार्य होत्या. त्यांनी संस्थेच्या सचिवांना एवढंच विचारलं, "शिक्षकांना केव्हा सांगितलंत?" सचिवांनी वकिलांकडे पाहिलं. बाईंनी नोंद केली आणि पुढे गेल्या.

मग मालमत्तेचं विवरण निघालं. आमच्या बाजूने खरं काम केलं ते ग्रंथपालांनी आणि कार्यालयातल्या मुख्य लिपिकांनी. त्यांनी जुन्या डेडस्टॉक, म्हणजे टिकाऊ सामानाच्या, नोंदवह्या काढल्या, अनुदानाची मंजुरीपत्रं आणि ते कशावर खर्च झालं याची उपयोगिता प्रमाणपत्रं जुळवली. संस्थेच्या विवरणात मुलींचं वसतिगृह ‘संस्थेची इमारत’ म्हणून होतं आणि अनुदानाचा रकाना कोरा होता. ते वसतिगृह अकराव्या पंचवार्षिक योजनेत अनुदान आयोगाच्या पैशातून बांधलेलं. ग्रंथालयातल्या संदर्भग्रंथांचा मोठा भागही तसाच. जमिनीचा सातबारा आम्ही काढला. भोगवटादार वर्ग २, म्हणजे शर्तींवर धारण केलेली जमीन, शैक्षणिक प्रयोजनासाठी शासनाने दिलेली. अशा जमिनीचा वापर बदलायचा तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, नाही तर शर्तभंग होतो. विश्वस्त संस्थेची मालमत्ता विकायची झाली तर सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांचीही पूर्वपरवानगी लागते. आपल्याकडे कॉलेज बंद करणं आणि जमीन मोकळी करणं या दोन गोष्टी एकाच दमात बोलल्या जातात. कायद्यात त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत, आणि प्रत्येक वाटेवर वेगळं कार्यालय बसलेलं आहे. जिथे कुठे असा प्रश्न उभा राहील, तिथल्या लोकांनी सातबारा पहिल्या दिवशी काढावा.

त्या दुपारी एक पालक बोलायला उभे राहिले. ऊसतोडीला जाणारं कुटुंब. म्हणाले, "साहेब, पोरीला पुढच्या गावाला पाठवायचं तर पस्तीस किलोमीटर. संध्याकाळची गाडी चुकली तर ती राहील कुठं? आम्ही तर इथं नसतोय सहा महिने." समितीतल्या कुणाकडेच याचं उत्तर नव्हतं. अहवालात मात्र ते वाक्य आलं. पुढे वसतिगृहाचा निर्णय झाला तेव्हा त्याचा उपयोग झाला.

कॉलेज दुसऱ्या संस्थेकडे सोपवण्याचा विचार विद्यापीठाने केला. एक संस्था येऊन पाहूनही गेली. रिकाम्या जागा शासन भरणार का, असं तिने विचारलं. ठाम उत्तर मिळालं नाही आणि ती परत आली नाही. न्यायालयात जायचं का, यावर आमच्यात दोन तट होते. मी नको म्हणत होते. विद्यापीठाची समिती नीट काम करत होती, आणि ती वाट मध्येच सोडून याचिका करण्यात मला अर्थ दिसत नव्हता.

शेवटी परवानगी मिळाली. विद्यापीठाने टप्प्याटप्प्याने बंद करण्याची शिफारस केली आणि शासनाने मान्यता दिली. दोन अटी होत्या. वसतिगृह आणि अनुदानातून घेतलेली पुस्तकं व साहित्य संस्थेकडे राहणार नाहीत, आणि भरपाईची रक्कम वेगळ्या आदेशाने ठरेल. वसतिगृह मुलींच्याच शिक्षणासाठी वापरावं, असा शब्द त्या पत्रात आहे. तो आम्ही मागितला होता.

पुढची वर्षं सगळ्यात अवघड होती, आणि त्यांच्याबद्दल कलमात जेमतेम एक वाक्य आहे. पहिलं वर्ष बंद झालं की खालून कुणीच येत नाही. वरच्या वर्गांना ते लगेच जाणवतं. गॅदरिंग होत नाही, राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर भरत नाही, निवडलेला विषय शिकवणारे सर दुसरी नोकरी बघून निघून जातात. ज्यांचे विषय राहिलेत त्या मुलांचं काय, हा प्रश्न आम्ही पहिल्याच महिन्यात विद्यापीठाला लिहून विचारला. तिसरं वर्ष संपल्यावर कॉलेज नसेल, तर राहिलेल्या विषयाचा परीक्षा अर्ज भरायचा कुठून? विद्यापीठाने शेजारच्या तालुक्यातलं कॉलेज त्यासाठी ठरवून दिलं. नवीन शैक्षणिक धोरणामुळे अभ्यासक्रम बदलले होते, त्यामुळे जुन्या पद्धतीच्या मुलांची समकक्षता, म्हणजे जुन्या विषयाच्या जागी नवा कोणता धरायचा हे, ठरवून घ्यावी लागली. हे वेळेत झालं म्हणून बरीच मुलं वाचली. जिथे कुणी विचारतच नाही तिथे अशी मुलं शिक्षण अर्धवट सोडतात, आणि त्यांची नोंदही कुठे होत नाही.

दप्तराचंही तसंच. जनरल रजिस्टर, उत्तीर्णांच्या याद्या, सेवापुस्तकं यांचा वाली कोण? कॉलेज १९७० चं. आडत बाजारात शेतकऱ्यांनी क्विंटलमागे वर्गणी देऊन ते उभं केलं होतं. तेव्हा शिकलेल्यांची नातवंडं आज जात पडताळणीसाठी आजोबांचा दाखला शोधत येतात. मुख्य लिपिकांनी एकेक रजिस्टर क्रमांक घालून, पानं मोजून, पोच घेऊन त्या ठरवून दिलेल्या कॉलेजकडे सुपूर्द केलं. त्या यादीची एक प्रत ग्रामपंचायतीतही दिली, म्हणजे दाखला कुठे मिळेल ते कुणीही सांगू शकेल. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, पण गावावर त्यांचे उपकार आहेत.

आम्हा कायम शिक्षकांचं समायोजन उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाने इतर अनुदानित कॉलेजांत केलं. माझं घर, मुलाची शाळा, सगळं हललं, पण पगार चालू राहिला. तासिका तत्त्वावरच्यांना काही मिळालं नाही. त्यांतली एक माझीच विद्यार्थिनी. नेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा झालेली, नऊ वर्षं त्याच कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत होती. बंद करण्याच्या कोणत्याही कागदात तिचा उल्लेख नाही, कारण कागदोपत्री ती कधी तिथली नव्हतीच. कोण शिकवणार हे ठरवण्याचं स्वातंत्र्य संस्थेचं असं वकील म्हणाले होते. नऊ वर्षं कोण शिकवत होतं, हे अर्जात लिहिणं संस्थेला बंधनकारक असायला हवं. कलम १२१ मध्ये दुरुस्ती व्हायची असेल तर मी आधी ही मागेन: इमारती आणि साहित्याच्या विवरणाबरोबर शिकवणाऱ्या प्रत्येकाचं नाव, सेवाकाळ आणि त्यांचं पुढे काय करणार हे द्या. दुसरी मागणी, महाविद्यालय विकास समितीचा लेखी अभिप्राय जोडल्याशिवाय विद्यापीठाने असा अर्ज दाखलच करून घेऊ नये.

या दोन्ही मागण्या आम्ही प्राध्यापक संघटनेमार्फत विद्यापीठाच्या अधिसभेच्या सदस्यांकडे दिल्या आहेत. भरपाईची रक्कम अजून ठरलेली नाही. फाइल मंत्रालयात आहे आणि मी तिचा पाठपुरावा करते. वसतिगृहाचा ताबा विद्यापीठाने घेतला आहे. आसपासच्या कॉलेजांत जाणाऱ्या मुलींसाठी ते येत्या जूनपासून उघडावं, असा प्रस्ताव विद्यापीठाच्या व्यवस्थापन परिषदेपुढे गेला आहे. राज्यशास्त्राची ती मुलगी आणि मी मिळून त्यासाठी गावोगावच्या मुलींची यादी करतो आहोत, कारण किती मुली येतील हा प्रश्न बैठकीत पहिला विचारला जाईल.